रुग्णालयाच्या खिडकीचा हिशेब

मातोश्रींच्या खुब्याचे हाड मोडल्यामुळे एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात ऐन उन्हाळ्यात अकरा रात्री काढण्याचा प्रसंग माझ्यावर आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याविषयी तक्रारीचा शब्द काढावा असे काही घडले नाही, हे आधीच नमूद केलेले बरे. तक्रार आहे ती इमारतीविषयी. आणि इमारतीविषयीची तक्रार कोणाकडे करावयाची याची सोय आपल्या व्यवस्थेत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

इमारत नवी, पाच मजली. दर्शनी भागाला निळ्या काचा. कक्षांच्या खिडक्या उघडण्यासाठी नाहीतच, कारण संपूर्ण इमारत वातानुकूलित राहील असे गृहीत धरून ती बांधलेली. प्रत्यक्षात आमच्या मजल्यावरील यंत्रणा बिघडलेली होती आणि दुरुस्तीचा प्रस्ताव 'वर' गेलेला होता. काचेतून ऊन आत येई आणि वारा बाहेर राही. शेजारीच सिव्हिल हॉस्पिटलची जुनी बैठी इमारत होती: मंगलोरी कौलांची, उंच छताची, दोन्ही अंगांना रुंद पडव्यांची. तिच्यात आता जुनी दप्तरे आणि मोडक्या खाटा ठेवल्या आहेत. रात्री दहाला पहारेकरी नातेवाइकांना नव्या इमारतीतून बाहेर काढी, आणि ती सारी मंडळी आपापल्या चटया व डबे घेऊन या जुन्या इमारतीच्या पडव्यांत झोपावयास जात. जी वास्तू निरुपयोगी ठरवून तिला कुलूप लावले, तिच्याच पडव्या रोज रात्री माणसांनी भरून जात होत्या.

शिक्षकी पेशाच्या सवयीने एका संध्याकाळी मी आमच्या कक्षात शिरगणती केली. खाटा ३०, रुग्ण ३१, नातेवाईक ४३, परिचारिका १. हे ४३ लोक तेथे काय करीत होते? कोणी सलाईनची बाटली संपत आली की धावत जाऊन सिस्टरना सांगत होते. कोणी रक्ताचा नमुना घेऊन तळमजल्यावरील प्रयोगशाळेकडे निघाले होते, कोणी बाहेरच्या दुकानातून औषध आणीत होते. कोणी रुग्णाची कूस बदलत होते, अंग पुसत होते, भांडे देत होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही मंडळी भेटीस आलेले पाहुणे नव्हेत. रुग्णसेवेच्या उत्पादनात ती श्रम पुरवीत होती. या श्रमाला वेतन नाही, हजेरीपत्रक नाही आणि इमारतीच्या आराखड्यात एक चौरस फूटही जागा नाही. जिन्यावर एक पाटी मात्र होती: 'नातेवाइकांनी येथे बसू नये.' कोठे बसावे, ते सांगणारी पाटी मला अकरा दिवसांत सापडली नाही.

माझ्या शेजारी एक शेतमजूर बाई होत्या. नवऱ्याच्या पायाला गँगरीन झाले होते. बाईंची रोजची मजुरी बुडत होती ती बुडतच होती. शिवाय दोन वेळचे विकतचे खाणे आणि गावाकडे ठेवलेल्या मुलांसाठी पाठवावयाचे पैसे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. हा आकडा पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आला आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु बाईंची बुडालेली मजुरी या आकड्यात कोठेही नाही. सरकारी रुग्णालयात उपचार फुकट मिळतात असे आपण म्हणतो, तेव्हा हा खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो याचा विचार आपण करीत नाही.

हा विषय आजच काढण्याला कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ ही ती दहा ठिकाणे. महाविद्यालय आले की रुग्णालय आले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास ४२० खाटांचे रुग्णालय लागते. म्हणजे येत्या काही वर्षांत या राज्यात सार्वजनिक पैशातून हजारो खाटांसाठी छपरे घातली जातील, आणि ती छपरे पुढची पन्नास वर्षे तरी आपल्या डोक्यावर राहतील. डॉक्टर बदलतात, औषधे बदलतात, मंत्री तर बदलतातच. चुकीच्या दिशेला बांधलेली भिंत मात्र बदलत नाही.

मग अशा इमारती चुकतात कशा? वास्तुशिल्पी अडाणी असतात म्हणून नव्हे. मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. शासकीय अंदाजपत्रकात रुग्णालय बांधण्याचा खर्च ४२१० या भांडवली शीर्षाखाली पडतो आणि ते चालविण्याचा खर्च २२१० या महसुली शीर्षाखाली. बांधकाम साधारणतः सार्वजनिक बांधकाम विभाग करून घेतो. नंतरचे विजेचे बिल आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण खात्याने भरावयाचे. जो खिडकी गाळतो त्याला वातानुकूलनाचे बिल येत नाही, आणि ज्याला बिल येते त्याला खिडकी पाडता येत नाही. निविदा मंजूर होते ती बांधकामाच्या सर्वांत कमी किमतीवर. पडवी, दुहेरी छप्पर, समोरासमोरच्या खिडक्या, मधले चौक या सर्वांचा खर्च पहिल्याच दिवशी दिसतो. त्यांनी वाचविलेला खर्च पुढे तीस वर्षे थोडा थोडा दिसतो, आणि तोही दुसऱ्याच खात्याला.

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, रुग्णालयाच्या इमारतीचा खर्च १०० कोटी रुपये आहे आणि हवेशीर बांधणीमुळे तो ५ कोटींनी वाढतो. समजा, त्यामुळे वीज व यंत्रांची देखभाल मिळून वर्षाला ८० लाख रुपये वाचतात. आठ टक्के व्याजदराने तीस वर्षांच्या या बचतीचे आजचे मूल्य सुमारे ९ कोटी रुपये भरते. म्हणजे ५ कोटी घालून ९ कोटी मिळतात. कोणताही किराणा दुकानदार हा व्यवहार सोडणार नाही. आपली व्यवस्था तो सोडते, कारण ज्या अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली व्हावयाची आहे त्याच्या दृष्टीने चौथ्या वर्षीच्या रुपयाचे मूल्य शून्य असते. आम्ही वर्गात ज्याला वटावाचा दर म्हणतो, तो अशा रीतीने बदल्यांच्या आदेशांतून ठरतो!

परंतु प्रश्न केवळ विजेचा असता तर एवढा जीव टाकून लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न हवेचा आहे. क्रिमियन युद्धाहून परतल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी लांब, सुटे कक्ष, समोरासमोर खिडक्या आणि उंच छत यांचा आग्रह धरला. त्यांचा सिद्धान्त चुकीचा होता. दूषित हवेच्या वाफांतूनच रोग होतात असे त्या काळी मानीत. खिडकी मात्र बरोबर होती. आपल्याकडील जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांचे बैठे कक्ष आणि त्यांच्या पडव्या याच विचाराच्या घरातल्या. पुढे प्रतिजैविके आली आणि जंतू औषधाने मरतात तर हवेची काळजी कशाला, असा समज रूढ झाला. छते खाली आली, खिडक्या आक्रसल्या.

या समजुतीची किंमत काय, हे पेरू देशातील लिमा शहरात मोजले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेथील आठ रुग्णालयांतील, केवळ दारे-खिडक्यांवर अवलंबून असलेल्या ७० खोल्या तपासल्या होत्या. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर खोलीतील हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळविलेल्या, खास क्षयरुग्णांसाठीच्या खोल्यांत ती १२ वेळा बदले. याहून बोलका तपशील पुढेच आहे: पन्नास वर्षांपूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत हा आकडा ४० होता, तर नव्या पद्धतीच्या खोल्यांत १७. त्यावरून संशोधकांनी गणित मांडले. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात एक दिवस काढणाऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता यांत्रिक खोलीत ३९ टक्के, नव्या खोलीत ३३ टक्के आणि जुन्या खोलीत ११ टक्के. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश आपल्या देशात आहेत. आमच्या कक्षात रात्रंदिवस खोकणारे दोन वृद्ध होते आणि त्यांचे निदान झालेले नव्हते. त्या बंद काचांच्या आत ४३ नातेवाईकांनी काय काय घरी नेले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

खिडकीतून काय दिसते यालाही काही अर्थ आहे, असे अमेरिकेतील रॉजर अल्रिच यांनी १९८४ साली दाखविले. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीसमोर झाडे होती ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्यांच्यासमोर विटांची भिंत होती त्यांना ८.७० दिवस लागले, आणि त्यांना वेदनाशामकेही अधिक तीव्र लागली. नमुना लहान आहे आणि देश दुसरा आहे. त्यावर मनोरे रचणे मला मान्य नाही. तथापि जेथे एका खाटेवर दोन रुग्ण झोपतात तेथे पाऊण दिवस वाचणे म्हणजे काय, हे कोणत्याही अधीक्षकाला विचारावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या वेळी खिडकी उघडून काय मिळणार? लू! शिवाय डास आहेत, धूळ आहे, मुंबईसारख्या शहरात रस्त्यावरचा धूर आहे. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, भाजलेल्यांचा कक्ष येथे गाळलेली, नियंत्रित हवाच हवी. तेथे पडवीचे गोडवे गाणे हा अज्ञानीपणा ठरेल. म्हणून आग्रह सर्वत्र खिडक्यांचा नाही. यंत्र कोठे अपरिहार्य आहे आणि कोठे केवळ फॅशन आहे, हे आराखड्याच्या टेबलावर ठरवावे, एवढाच आहे. बाह्यरुग्ण विभाग, सामान्य कक्ष, प्रतीक्षालये, जिने, मार्गिका हा इमारतीचा मोठा भाग जाड भिंती, खोल पडव्या, पश्चिमेचे ऊन अडविणारी झाडे, छताजवळचे झरोके आणि खिडक्यांना जाळ्या यांवर वर्षाचे बहुतेक महिने चालू शकतो. उरलेल्या दोन महिन्यांसाठी पंखे-कूलर लावावेत. पण दोन महिन्यांच्या गरजेसाठी बारा महिने खिडकी बंद करणे हा शहाणपणा नव्हे. आणि जेथे यंत्र लावाल तेथे ते बंद पडेल त्या दिवसाचाही विचार करा. आपल्या देशात यंत्र बंद पडणे हा अपवाद नव्हे.

असे रुग्णालय आपल्यासारख्याच उष्ण, गरीब प्रदेशात होऊ शकते का? बांगलादेशात सातखीरा जिल्ह्यात, समुद्राचे खारे पाणी जमिनीत शिरलेल्या भागात, काशेफ चौधरी या वास्तुशिल्पीने 'फ्रेंडशिप' या संस्थेसाठी ८० खाटांचे रुग्णालय बांधले. स्थानिक विटा, मधले चौक, आरपार वारा. बाह्यरुग्ण विभाग आणि आतील कक्ष यांच्यामधून एक कालवा नेला आहे. भूजल खारट असल्याने तो पावसाचे पाणी साठवितो, भिंत न घालता दोन विभाग वेगळे राखतो आणि आसपासची हवाही थंड ठेवतो. एका खर्चात तीन कामे! ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या राजसंस्थेने या रुग्णालयाला २०२१ चे आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिले. हे आपल्या शेजारी घडले आहे; स्वीडनचे उदाहरण देऊन तुम्हांला घाबरविण्याचा माझा हेतू नाही.

आता वर दिलेल्या दहा नावांतील दोन नावांकडे पुन्हा वळावे लागते. पहिले नाव भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. आत सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्यांतील तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळी शासनाने सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या. नगरला अकरा रुग्ण दगावले. चौकश्या झाल्या, निलंबने झाली, अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. खिडकी असती तर ती बालके वाचली असती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. नवजात कक्षाचे तापमान राखावेच लागते. पण सात जीव ज्वाळेने नव्हे तर धुराने गेले, या वाक्यात वास्तुशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो चौकशीच्या कागदांत 'विद्युत दोष' या दोन शब्दांखाली दबून जातो. धूर कोठून बाहेर जावा? अपरात्री, एकटी परिचारिका कोणत्या दाराने किती बालके बाहेर नेऊ शकेल? हे प्रश्न नकाशा काढतानाच विचारावयाचे असतात.

दुसरे नाव गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, हा अनुभव सर्वांचाच होता. त्याची कारणमीमांसाही ठरलेली: अज्ञान, अंधश्रद्धा. या दांपत्याने आदिवासींनाच विचारले. उत्तरे अशी आली, की तुमच्या मोठ्या इमारतींचे भय वाटते. तेथील माणसे पांढरी वस्त्रे घालतात, आणि आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. रुग्णाला आत घेता आणि आम्हांला बाहेर काढता. आणि तेथे आमचा देव नाही. यांतील एकाही कारणाला अज्ञान म्हणता येणार नाही. मग शोधग्रामला जो दवाखाना उभा राहिला तो आदिवासी पाड्याच्या धर्तीवर: झोपड्यांसारख्या सुट्या खोल्या, त्यांत रुग्णाबरोबर त्याची माणसे, आणि दवाखान्याला नाव माँ दंतेश्वरीचे. पुढे लोक आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा दाखला विशेष वाटतो, कारण आपल्या नियोजनात आरोग्यसेवेची 'मागणी' ही बाहेरून ठरलेली गोष्ट मानतात: एवढी लोकसंख्या, म्हणून एवढ्या खाटा. गडचिरोलीने दाखविले, की मागणी ही इमारतीच्या रूपावरही अवलंबून असते. भीतीने रिकामी राहिलेली खाट ही सर्वांत महाग खाट होय. आणि त्या दवाखान्याने नातेवाइकाला आराखड्यात जागा दिली, हे तर मला त्याहून मोठे वाटते. शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांना हे फार पूर्वी कळले होते. मुंबईत जे. जे. रुग्णालयालगत त्यांनी धर्मशाळा उभारली ती रुग्णांच्या आप्तांसाठी. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची कुटुंबे आजही उतरतात. पण धर्मशाळा ही कोणाच्या तरी दयाबुद्धीवर चालते. मी म्हणतो ती जागा अंदाजपत्रकातली: खाटेशेजारी रात्री पाठ टेकण्यापुरते बाक, मजल्यावर एक मोरी व पिण्याचे पाणी, डबा गरम करण्याची सोय, मोबाइल भारित करण्याचे एक बटण, आणि बाहेर झाडाखाली ओटा. त्या ४३ जणांचे काम जर पगारी नोकरांकडून करून घ्यावयाचे ठरविले, तर आरोग्य खात्याचे अंदाजपत्रक पहिल्याच तिमाहीत कोसळेल. त्या मानाने हे बाक स्वस्तच म्हणावयाचे.

शासनाने एवढे तरी करावे, की या दहा ठिकाणच्या निविदांत बांधकामाच्या किमतीशेजारी तीस वर्षांच्या वीज व देखभालखर्चाचा रकाना घालावा आणि दोहोंची बेरीज करून काम द्यावे. ज्या खात्याला इमारत चालवावयाची आहे त्याची सही आराखड्यावर घ्यावी, आणि त्या खात्यातर्फे ती सही एखाद्या अनुभवी वॉर्डसिस्टरची असली तर उत्तम. जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांच्या ज्या इमारती पाडावयाच्या यादीत आहेत, त्या पाडण्यापूर्वी मे महिन्याच्या एखाद्या दुपारी जुन्या व नव्या कक्षांत तापमापक टांगून पाहावा. त्याला खर्च येत नाही.

अकराव्या दिवशी मातोश्रींना घरी सोडले. लिफ्ट बंद होती. चौघा नातेवाइकांनी, त्यांतले तिघे आमचे कोणीही नव्हते, त्यांची खुर्ची चार मजले उचलून खाली आणली. खाली आल्यावर, गाडी येईपर्यंत, आम्ही त्यांना जुन्या इमारतीच्या पडवीत बसविले. गडचिरोलीच्या नव्या महाविद्यालयापासून शोधग्राम वीस किलोमीटरांच्या आत आहे. नकाशा काढणाऱ्यांना एका दिवसात जाऊन परत येता येईल.